वर्षाराणीचा वन्समोअर

वर्षाराणीचं पहिलं दर्शन मला झालं ते ठिणग्यांच्या कारंज्यातून.

संगीत नाटकांच्या कंपन्यांमधून उभा जन्म काढून मी केळव्याला येऊन राहिले होते. सुपारीच्या वाडीमागे दोन खोल्या घेतल्या आणि आता गप्प बसायचं असं ठरवलं. पण नाटकाच्या माणसाचं गप्प बसणं म्हणजे मांजराचा उपास. बोईसरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या काही हौशी मंडळींना पालघरच्या स्पर्धेत नाटक करायचं होतं. त्यांच्यातला विनोद तांडेल माझ्या दारात येऊन म्हणाला, "मावशी, तुमी नाय आलात तर आमी नाटकच करणार नाय." दुसऱ्या दिवशी मी रिक्षात बसले होते.

नाटक ऐतिहासिक. सिंहासन हवं, किल्ल्याचा दरवाजा हवा, आणि दोन्ही टेम्पोत मावतील असे घडीचे हवेत. विनोद म्हणाला, लोखंडी सांगाडा करून घेऊ, ओळखीचा वेल्डर हाय. तालमीच्या शेडमागे गेले तर जाड खाकी शर्ट, हातात चामड्याचे मोजे आणि तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा घातलेलं कुणीतरी उकिडवं बसून ठिणग्या उडवत होतं. मुखवटा वर झाला. आत घामेजलेली, गव्हाळ रंगाची एक तरुण मुलगी.

"नाव काय गं तुझं?"

"वर्षाराणी."

"हे नाव आईने ठेवलं की एखाद्या नाटक कंपनीने?"

"आत्याने. गावाला दुष्काळ होता म्हणून."

गाव साताऱ्याकडचं, माण तालुक्यातलं. वडील मारुतीराव काळेल कामाच्या शोधात बोईसरला आले आणि एका कारखान्यात फिटर म्हणून चिकटले. आई रखमाबाई कामगारांचे डबे करायची. पोरगी दहावीनंतर पालघरच्या आयटीआयमध्ये गेली, आणि शिवणकाम सोडून वेल्डिंगला बसली. तेव्हा चाळीतल्या बायकांनी रखमाबाईला भरपूर ऐकवलं. रखमाबाई मला एकदा म्हणाली, "ताई, म्या म्हन्लं, बाई गं, चूल फुंकायची तर तू लोखंड फुंकतीस. पर पगार आणती म्हनल्यावर शेजारनीबी गप बसल्या."

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यांसाठी स्टेनलेस स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या बनवतात. त्या टाक्यांचे सांधे वर्षाराणी जोडायची. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर सांधा लागता कामा नये, असं ते काम. माझ्या सिंहासनाचे सांधे तिने इतके गुळगुळीत केले होते की त्यावर बसणारा राजा मात्र फारच खडबडीत वाटायला लागला.

आमचा प्रॉम्प्टर दुसऱ्या पाळीला गेला, म्हणून एका संध्याकाळी मी तिच्या हातात संहिता दिली आणि विंगेत उभं केलं. तिथे मला तिचा खरा गुण कळला. नटापर्यंत नेमका पोचेल आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचणार नाही, असा आवाज देवाने फार थोड्यांना दिलेला असतो. माझ्या उमेदीच्या काळात असा प्रॉम्प्टर मिळाला असता तर मी रोज त्याची दृष्ट काढली असती. दोन वर्षं तीच आमची प्रॉम्प्टर होती.

पालघरच्या प्रयोगात जे घडलं ते इथेच सांगून टाकते, कारण पुढे ते फार कामाला आलं.

विनोद प्रधानाच्या भूमिकेत. दुसरा अंक सुरू होता. कट अजून शिजायचा होता, आणि विनोदची वाक्यं गेली. विंगेतून वर्षाराणीने वाक्य दिलं. त्याला ऐकू गेलं नाही. तिने परत दिलं. विनोदने तिच्याकडे बघून अशी ऐटीत मान डोलावली, जणू सगळं समजलं, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "महाराज, कट उघडकीस आला आहे!"

हे वाक्य तिसऱ्या अंकातलं. कट करणारा सरदार अजून आत मिशी चिकटवत होता. राजा बिचारा काय करणार? त्याने "त्याला हजर करा" म्हटलं. अर्धी मिशी लावलेला सरदार रंगमंचावर आला, न केलेला गुन्हा त्याने कबूल केला आणि मरून पडला. अर्ध्या तासाचं नाटक आम्ही गिळून टाकलं. प्रेक्षक हसून हसून खुर्चीवरून घसरले.

मी विनोदला ग्रीनरूममध्ये धरलं. "अरे गाढवा, ऐकू आलं नाही तर मान कशाला डोलावलीस?"

"मावशी, ती दोनदा बोलली. तिसऱ्यांदा कसं विचारू? बरं दिसत नाय."

"आणि सरदाराला उगाच मारलास ते बरं दिसलं?"

वर्षाराणी कोपऱ्यात संहिता छातीशी धरून हसत होती. पुढे आपल्यावरही हीच पाळी येणार आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

तिच्या मनात विमान आहे हे तिने मला सांगितलं ते एका तालमीनंतर, वडापाव खाताना. तिच्या वर्कशॉपमधला विपुल नावाचा एक मुलगा आदल्या वर्षी न्यूझीलंडला गेला होता. तिथे गाईगुरं अमाप, दूध अमाप, आणि दुधाच्या टाक्याही त्याच स्टेनलेस स्टीलच्या. तसलं सफाईचं वेल्डिंग करणारी माणसं त्या देशाला हवी होती. विपुलने फोनवर सांगितलं की तिथे गावाबाहेर कुरणासारखी विमानतळं असतात, क्लब असतात, आणि त्याच्या शॉपचा फोरमन रविवारी चक्क विमान उडवतो. आपल्याकडे पायलट व्हायला बारावी विज्ञान लागतं आणि शेतजमीन विकूनही पुरणार नाही असा खर्च येतो. तिथे डोळे, कान, काळीज धड असलं, परीक्षा दिल्या, आणि पगारातून तास तास विकत घेत शिकलं तरी चालतं.

"म्हणजे वेल्डिंग करत जायचं आणि विमान चालवत राहायचं?" मी विचारलं.

"आधी टाक्या. मग टाक्या आणि विमान. मग नुसतं विमान."

"पण विमानच का गं?"

ती जरा वेळ कागदाला लागलेली चटणी बोटाने टिपत राहिली. "मावशी, आम्ही बोईसरला सगळी दुसऱ्याच्या गाडीतून फिरतो. शिफ्टची बस, कंत्राटदाराचा टेम्पो, शेअर रिक्षा. तो थांबवेल तिथे उतरायचं. मला वाटतं, एकदा मी पुढे बसावं आणि माणसं मागे."

हेच तिने घरी सांगितलं तेव्हा रखमाबाई म्हणाली, "मंग रिक्षा घे की! टेसनाला लाइन लावून हुब्या हायत."

मी कुणाला काय हसणार? सोळाव्या वर्षी घरातून पळून नाटक कंपनीत गेले, तेव्हा मला कुणी कारण विचारलं असतं तर एवढंही सांगता आलं नसतं.

मुलगी जिद्दीची. इंग्रजीची परीक्षा दिली, पास झाली. परदेशी कंपनीचा माणूस हुनर बघायला आला तेव्हा तिने नेहमीसारखी वेल्डिंगची टॉर्च नमस्कार करून कपाळाला लावली आणि मग पाइपाचा सांधा जोडला. त्याने तो कापून, वाकवून, भिंग लावून पाहिला आणि हसून अंगठा वर केला. काही महिन्यांनी आम्ही तिला निरोप दिला. मारुतीरावांनी तिला नारळ दिला, रखमाबाईने चटणी, आणि विनोदने सुकवलेले बोंबील, जे तिथल्या विमानतळावर काढून ठेवावे लागले.

पहिलं वर्ष टाक्यांमध्ये गेलं. दुसऱ्या वर्षी तिने क्लबात नाव घातलं. दर शनिवारी एक तास. फोटो यायचे. दोन माणसांचं, माझ्या न्हाणीघराएवढं विमान, आणि त्यापुढे उभी असलेली आमची वर्षाराणी. शिकवणारे गुरुजी ग्रॅहम नावाचे, पिकल्या मिशांचे. ते म्हणायचे मला नुसतं ग्रॅहम म्हण. पण एवढ्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला तिची जीभ वळेना. ती 'सर' म्हणायची, ते तोंड वाकडं करायचे.

मग फोटो यायचे थांबले.

एका रविवारी मी बोईसरला काळेलांच्या खोलीवर गेले होते. रखमाबाईने फोन लावून माझ्या हातात दिला. "ताई, तुमीच बोला. आमाला काय सांगंना झालीय."

पडद्यावर वर्षाराणी दिसली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, "राणीसाहेब, हा कुठल्या नाटकातला प्रवेश?"

"मावशी, मी विमान सोडतेय. माझं वेल्डिंगच बरं."

मग तुकड्या-तुकड्यांनी हकीकत बाहेर आली. उड्डाणाआधी ती विमान घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी उभी होती. शेजारी ग्रॅहम. विमानतळाच्या मनोऱ्यात बसलेला कंट्रोलवाला रेडिओवर काहीतरी लांबलचक, भरभर बोलला. तिला त्यातलं काही कळलं नाही. ती म्हणाली, "रॉजर." म्हणजे ऐकलं, समजलं. आणि विमान पुढे काढलं. कंट्रोलवाला ओरडायच्या आत ग्रॅहमने ब्रेक दाबला. त्याच धावपट्टीवर डावीकडून दुसरं विमान उतरत होतं. ते नाकासमोरून सूं करत गेलं. कुणाला खरचटलं नाही.

ग्रॅहमने विमान बाजूला घेतलं, इंजिन बंद केलं आणि विचारलं, "त्याने काय सांगितलं होतं?"

"माहीत नाही, सर."

"मग हो का म्हणालीस?"

तिने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. तेव्हा ग्रॅहम म्हणाले, "विमान तुला येतं. हात चांगला आहे तुझा. पण तुला एकटीला वर पाठवायला माझा धीर होत नाही. तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेस, त्यातला खरा हो कुठला ते मला ओळखू येत नाही."

आणि एकटीने उडाल्याशिवाय लायसन्स नाही. एवढ्या दूर जाऊन गाडी त्या एका शब्दापाशी अडली होती.

मारुतीराव भिंतीला टेकून खाली बसले होते. हळूच म्हणाले, "बाई, चूक माजी हाय."

"तुमची कशी?"

"ती माज्याकडनंच शिकली. सायबाला 'समाजलं न्हाई' म्हनायची रीत न्हाई आपल्यात. 'व्हय सायब' म्हनायचं, आन् च्याच्या सुट्टीत दुसऱ्याला इचारायचं, सायब काय म्हन्ला रं? परत इचारलं की सायब म्हनतो, कान गहान टाकलेत काय?"

पडद्यातून वर्षाराणी म्हणाली, "आमच्या शॉपला पण तसंच. ड्रॉइंग कळली का? हो सर. मग आम्ही सगळे विपुलला विचारायचो. एकदा विपुलला पण कळलं नव्हतं. टाकीचं तोंड उलट्या बाजूला जोडलं होतं आम्ही. चौघांनी हो म्हटलेलं."

"मग?"

"कापून परत जोडलं. टाकी कापता येते, मावशी."

ते वाक्य मला लागलं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"वर्षे, पालघरचा प्रयोग आठव. विंगेत तू होतीस. विनोदने तुझ्याकडे बघून मान डोलावली, तेव्हा तुला काय वाटलं?"

"वाटलं, मेल्या, विचार ना परत! मी इथे कशाला उभी आहे?"

"तुला राग आला असता का, त्याने परत विचारलं असतं तर?"

"छे! जीव भांड्यात पडला असता माझा."

"मग तो मनोऱ्यात बसलेला माणूस कोण आहे?"

"कंट्रोलवाला साहेब," ती म्हणाली.

"अगं, तो साहेब नाही. तो प्रॉम्प्टर आहे. तुझं वाक्य तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून जीव टाकून बसलाय बिचारा. आणि तू त्याच्यासमोर विनोद तांडेल झालीस."

रडता रडता तिला हसू फुटलं. पण सवय अशी एका संवादाने जात नाही, हे रंगभूमीने मला शिकवलंय. नटाच्या अंगातली सवय तालमीने घालवावी लागते. म्हणून आमच्या तालमी सुरू झाल्या.

दर रविवारी मी केळव्याहून बोईसरला जायची. मारुतीरावांच्या खोलीत फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून ठेवायचा. मी स्टीलचा पेला तोंडाला लावायची, म्हणजे आवाज रेडिओसारखा खरखरीत येई, आणि कंट्रोलवाला व्हायची. इंग्रजी मला कुठलं येतंय? मी आपल्या मराठीत, पण तोंडात सुपारी धरून, एका दमात हुकूम सोडायची. "तिसऱ्या नारळापासून डावीकडे वळून शेवग्याला उजवी घालून तांडेलांच्या होडीमागून येऊन विहिरीपाशी थांब!"

"हो, मावशी."

"काय हो? कुठे थांबलीस?"

"... शेवग्यापाशी?"

"मेलीस. विहिरीत पडलीस. पुन्हा."

पहिल्या दोन रविवारी ती विहिरीत इतक्या वेळा पडली की रखमाबाईला ते अशुभ वाटायला लागलं. तिने विहीर काढून टाका म्हटलं. मी विहिरीच्या जागी मारुतीचं देऊळ घातलं.

"परत सांगा" हे दोन शब्द त्या मुलीच्या घशातून निघत नव्हते. निघाले तरी असे, की जणू उधार मागतेय. मान खाली, आवाज चिमणीएवढा. तेव्हा मी तिला जुनी गोष्ट सांगितली. संगीत नाटकात एखादं पद रंगलं की प्रेक्षागृहातून आरोळी यायची, "वन्समोअर!" पिटातला, म्हणजे स्वस्त तिकिटाचा, हमाल ओरडायचा, सोफ्यावरचा वकील ओरडायचा. आणि आम्ही पुन्हा उभ्या राहून तेच पद गायचो. मागणाऱ्याला लाज नाही, देणाऱ्याला कंटाळा नाही. उलट वन्समोअर आला नाही तर रात्री जेवण जात नसे.

"तसं माग," मी म्हटलं. "ताठ बसून. हक्काने."

मारुतीराव हे सगळं कोपऱ्यातून ऐकायचे. एकदा मी त्यांनाच फोनसमोर बसवलं. "मारुतीराव, तुम्ही पायलट. मी साहेब." आणि पेल्यातून हुकूम सोडला. त्यांनी अभावितपणे उठून उभं राहून म्हटलं, "व्हय सायब." फोनच्या त्या टोकाला लेक पोट धरून हसली. "अण्णा, देवळात घुसलात तुम्ही विमान घेऊन!" मारुतीरावही हसले. पण मग म्हणाले, "बाई, परत टाका हुकूम." दुसऱ्यांदा त्यांनी कसंबसं म्हटलं, "परत सांगा, सायब." कपाळाला घाम आला होता. तीस वर्षं न काढलेला शब्द तो.

तिकडे वर्षाराणी शनिवारी ग्रॅहमबरोबर उडत होतीच. एक दिवस तिचा निरोप आला की तिने रेडिओवर विचारलं. थरथरत, पण विचारलं. कंट्रोलवाल्याने न चिडता परत सांगितलं. पुढच्या शनिवारी दोनदा विचारलं. एकदा तर ग्रॅहमलाच म्हणाली, "मला हे समजलं नाही, ग्रॅहम." सर नाही, ग्रॅहम! म्हातारा इतका खूश झाला की त्याने तेच तिला कागदावर चित्र काढून समजावलं.

आणि मग तो दिवस आला. तिथे काम सुटायची वेळ होती, उन्हाळ्यातला लांबट दिवस. इथे आमचा सकाळचा चहा. खोलीत मी, रखमाबाई, रात्रपाळी करून आलेले मारुतीराव, आणि कोळंबीची पिशवी घेऊन आलेला विनोद. वर्षाराणीबरोबर भाड्याच्या घरात राहणारी दीपा नावाची नवसारीकडची, पण मराठी बोलणारी मुलगी ग्रॅहमशेजारी उभी राहून आम्हाला फोनवर दाखवत होती. हिरवं कुरण. काठीवर फडफडणारी, वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी. ग्रॅहमच्या हातात छोटा रेडिओ. आणि दूर ते न्हाणीघराएवढं विमान, त्यात माझी प्रॉम्प्टर, एकटी.

विमान धावलं, उचललं, आणि बघता बघता ठिपका झालं.

"गेली," मारुतीराव म्हणाले. रखमाबाईने पदर तोंडात धरला.

विमानाने मोठा चौकोन घालून परत यायचं असतं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. ते वळलं. पुन्हा वळलं. तेवढ्यात रेडिओ खरखरला. कंट्रोलवाला बोलला, लांब, भरभर, एका दमात. मला वाटलं माझाच आवाज ऐकतेय.

मग शांतता.

ती शांतता मला ठाऊक आहे. रंगमंचावर वाक्य गेलेल्या नटाभोवती असते ती. अख्खं प्रेक्षागृह एका माणसाच्या तोंडाकडे बघत असतं. विनोदने डोळे मिटून घेतले. त्याला बिचाऱ्याला सगळ्यांत जास्त कळत असणार.

आणि रेडिओतून आमच्या मुलीचा आवाज आला. ताठ. स्वच्छ. नेमका पोचणारा.

"से अगेन."

"काय म्हन्ली? काय म्हन्ली ती?" रखमाबाईने माझा दंड धरला.

"म्हणाली, समजलं नाही, परत सांगा!"

"समाजलं न्हाई म्हन्ली!" रखमाबाई ओरडली आणि तिने मारुतीरावांच्या पाठीत धपाटा घातला. विनोदने शिट्टी मारली. शेजारची बाई काय झालं म्हणून दारात आली. रखमाबाईने तिला अभिमानाने सांगितलं, "आमच्या वर्षीला कायतरी समाजलं न्हाई!" शेजारीण बिचारी गोंधळून उभी राहिली. पोरीला समजलं नाही म्हणून नाचणारं घर तिने कधी पाहिलं नव्हतं.

कंट्रोलवाल्याने परत सांगितलं, या वेळी सावकाश. वर्षाराणीने शब्द न् शब्द त्याला परत म्हणून दाखवला. दीपाने आम्हाला सांगितलं, "पुढे एक हळू चालणारं विमान आहे. हिला म्हणतायत, सरळ थोडी लांब जा आणि मग वळ." ठिपका लांब गेला. दिसेनासा झाला. मारुतीराव पुटपुटत होते, देवाचं नाव की हुकूम, कळत नव्हतं. मग कुरणापलीकडे पुन्हा ठिपका आला, त्याला पंख फुटले, चाकं दिसली. एकदा टणकन उडालं, मग टेकलं, आणि धावत धावत शहाण्यासारखं थांबलं.

रखमाबाई उठून स्टोव्हपाशी गेली आणि उतू गेलेल्या दुधाकडे बघत नुसती उभी राहिली. मारुतीरावांनी लांब श्वास सोडला. मला वाटतं, गेल्या काही महिन्यांतला तो त्यांचा पहिला पुरा श्वास असावा. माझेही खांदे खाली आले. इतका वेळ ते कानाला लागले होते हे तेव्हा कळलं.

रेडिओ पुन्हा खरखरला. कंट्रोलवाला काहीतरी म्हणाला. आणि लगेच, जराही न अडखळता, वर्षाराणी म्हणाली, "से अगेन."

फोनवर ग्रॅहम मिशीत हसायला लागले. दीपा हसायला लागली. आम्ही घाबरून विचारलं, "आता काय झालं? काय सांगत होता तो?"

"काही नाही, मावशी," दीपा म्हणाली. "तो म्हणत होता, पहिल्या एकटीच्या उड्डाणाबद्दल अभिनंदन. हिने त्याला परत म्हणायला लावलं."

मी टाळ्या वाजवल्या. वन्समोअर मिळवायला आम्ही गळे फाडून घ्यायचो. या पोरीने बसल्या जागी घेतला.

विनोद कोळंबीची पिशवी रखमाबाईच्या हातात देत म्हणाला, "मावशी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी अंक गाळला म्हणून हिचं विमान उडालं. माझं नाव सांगाल ना कुठं?"

"सांगते रे," मी म्हटलं. सांगितलं.

त्यानंतर तिला खाजगी उड्डाणाचं लायसन्स मिळालं, आणि तिथे कायम राहण्याची परवानगीही. अजून ती दिवसा दुधाच्या टाक्याच जोडते आणि पुढच्या, नोकरीच्या लायसन्ससाठी तास साठवते. माणसं मागे बसायला वेळ आहे. पण गेल्या महिन्यात तिने दीपाला शेजारी बसवून समुद्रावरून नेलं. फोटोत दीपाने सीट घट्ट धरलेली आहे आणि वर्षाराणी समोर बघते आहे.

मारुतीरावांचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर त्यांच्या कारखान्यात नवीन साहेब आला. भरभर बोलणारा. त्याने पाळी सुरू होताना काहीतरी सांगितलं, सगळी रांग म्हणाली, "हो साहेब." मारुतीराव म्हणाले, "परत सांगा, सायब. मला समाजलं न्हाई."

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मंग काय? त्यानं परत सांगितलं."

"रागावला नाही?"

"न्हाई की. परत सांगितलं आन् गेला." आणि जरा थांबून, स्वतःशीच नवल करत म्हणाले, "येवढंच व्हतं, बाई."

रखमाबाई आतून म्हणाली, "ताई, तुमी सायबाचं काय घिऊन बसलाय? आता घरातबी तेच चाललंय. कोथिंबीर आना म्हन्लं, की ह्यो बाबा तितंच ताठ बसून म्हनतोय, परत सांग!"